पंडिता रमाबाई : ठरलेल्या हेतूचें जीवित

ज्याचा हेतु ठरलेला नाहीं त्याचे श्रम वाऱ्यावरील भुसाप्रमाणें होत. हेतु ठरला म्हणजे दुःखालाही मनुष्यास वाटेवरून ढळवितां येत नाहीं, असें पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून आम्हांस दिसतें.

त्यांचा जन्म १८५८ सालीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें; त्या मातेनें तें कन्येस दिलें. पुढें दुष्काळांत आईबाप गेले. १८८२ सालीं, विवाहास दोन वर्षें होण्यापूर्वींच, पतीही वारले; पदरीं तान्ही मनोरमा. परंतु आपल्या दुःखांत बुडून न राहतां, निराश्रित भगिनींस आश्रय व विद्या देणें हेंच आपलें काम, असें त्यांनीं ठरविलें. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन उघडलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों मुली आणून केडगांवीं मुक्तिसदन वसविलें.

कलकत्त्याच्या विद्वानांनीं ज्यांना सरस्वती ही पदवी दिली होती, त्या बाईंनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. थोडें शिकलेल्या स्त्रियांस कळेल अशा सोप्या मराठींत पवित्र शास्त्र यावें, एवढाच त्यांत हेतु. १९२१ सालीं मनोरमाबाई वारल्या, तरी मातेनें लेखणी खालीं ठेविली नाहीं. भाषांतर पुरें करूनच ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूमध्यें झोंपीं गेल्या.

वाचकहो, विद्या हें रमाबाईंचें साधन होतें, साध्य नव्हतें. आपल्या हातीं नांगर असो कीं सूप असो, तें कोणासाठीं, हें आपण आजच ठरवूं या.