आपल्या मनाने घेतलेला निर्णय

नाशिकजवळील जलालपूर येथे १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक कडक सोवळ्याओवळ्यात वाढल्या. १८९५ मध्ये पती, कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा त्या खचल्या. काही वर्षे विभक्त राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी लगेच धर्मांतर केले नाही. जातिभेद माणसाने निर्मिला, देवाने नव्हे, हे मनोमन पटल्यावर त्यांनी आधी सोवळे सोडले आणि १९०० मध्ये स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये पती निवर्तले. शालेय शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या दारिद्र्याविषयी कुढत नाहीत; स्वतःच्या फजितीवरही प्रसन्नपणे हसतात. कवीची पत्नी या ओळखीपलीकडे स्वतःचे स्थान मिळवून १९३६ मध्ये त्यांनी जगाचा निरोप घेतला.