मुरबाडच्या नानांची आगगाडी

१९९२ साली माझी बदली मुरबाडच्या शाखेत झाली, तेव्हा घरात पहिली चौकशी झाली ती तिथे रेल्वे जाते का याची. जात नव्हती. कल्याणला लोकलमधून उतरायचे, बससाठी रांगेत उभे राहायचे आणि तीसेक किलोमीटर उभ्याने जायचे. माझा एक मित्र त्याच वेळी शहापूरला होता. तो आसनगावला लोकलमधून उतरला की थोड्याच वेळात टेबलाशी हजर. त्याच्या तालुक्यात वासिंदपासून कसाऱ्यापर्यंत स्थानकांची माळ आणि माझ्या तालुक्यात एकही नाही! आम्ही हे हसण्यावारी नेत असू. मग एके दिवशी मला कळले की, मुंबईत आगगाडी यावी म्हणून ज्याने आपला शब्द आणि आपली पत पुढे केली, तो गृहस्थ याच मुरबाडचा. त्यानंतर ते हसू तितकेसे मोकळे राहिले नाही.

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाडला झाला. मुरबाडवर तेव्हा पेशव्यांचा अंमल होता आणि मुंबईवर इंग्रजांचा. घराणे दैवज्ञ, व्यवसाय सराफी-व्यापाराचा. वडील शंकरशेट यांनी मुंबईत मोठी माया जमवली होती. आई भवानीबाई लवकर गेल्या. १८२२ मध्ये वडीलही गेले आणि एकोणीस वर्षांच्या जगन्नाथाच्या हाती अफाट संपत्ती आली. त्या वयात, त्या पैशात, मुलगा वाया जायला कितीसा वेळ लागतो? बँकेच्या काउंटरमागे बसून मी अशी दोन-तीन घराणी बुडताना पाहिली आहेत. जगन्नाथाने मात्र पैसा वाढवला आणि त्याहून मोलाची गोष्ट मिळवली, ती म्हणजे विश्वास. अरब आणि अफगाण व्यापारी आपली ठेव बँकेत न ठेवता गिरगावातल्या या सावकाराकडे ठेवत. आम्ही बँकवाले ज्याला पत म्हणतो, ती हीच. ती कागदावर लिहिलेली नसते, माणसाच्या चेहऱ्यावर वाचायची असते.

ही पत नानांनी आयुष्यभर लोकांच्या कामासाठी खर्च केली. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहण्यात त्यांचा वाटा होता. सतीबंदीला त्यांनी पाठिंबा दिला. १८४९ मध्ये मुलींच्या शाळेला जागा मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या वाड्याचे दार उघडले. मुलीने पाटी हातात धरली तर घरावर संकट येते असे मानण्याचा तो काळ. लोक बोलायचे ते बोलले आणि शाळा चालू राहिली. १८५२ मध्ये सरकारपुढे गाऱ्हाणी मांडणारी बॉम्बे असोसिएशन स्थापन करण्यात ते पुढे होते. १८५७ च्या उठावात त्यांच्यावर संशय घेतला गेला, पण पुरावा काही निघाला नाही. पुढे १८६२ मध्ये त्याच सरकारने त्यांना मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळावर घेतले.

पण मला ओढून नेते ती त्यांची आगगाडी. १८४५ मध्ये नाना आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांनी रेल्वेसाठी मुंबईत संस्था काढली. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनी स्थापन झाली. तिच्या दहा संचालकांत हिंदी माणसे दोनच, ती म्हणजे हे दोघे. नानांनी कचेरीसाठी आपल्या वाड्यात जागा दिली. कंपनीचे भांडवल पाच लाख पौंडांचे आणि पैसा मुख्यतः विलायतेतला. भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती. धंद्यात खोट आली तर ती भरून निघणार होती इथल्या रयतेच्या महसुलातून. जोखीम आपली आणि नफा साहेबाचा, असा तो व्यवहार. निवृत्त बँक अधिकारी म्हणून तो मला आजही खुपतो. तरीही रूळ पडले ते इथल्या मातीवर आणि ते इथेच राहिले, हेही तितकेच खरे.

१६ एप्रिल १८५३, शनिवार. दुपारी साडेतीनच्या सुमारास एकवीस तोफांच्या सलामीत बोरीबंदरहून गाडी सुटली. चौदा डबे, तीन इंजिने आणि चारशे पाहुणे. त्या पाहुण्यांत नाना होते. एकवीस मैलांवरचे ठाणे तासाभरात आले. पन्नास वर्षांचे नाना खिडकीतून मागे पळणारी भाताची शेते पाहत असतील, हे चित्र माझ्यातला कादंबरीकार पुन्हा पुन्हा रंगवतो. ठाण्याच्या पुढे कल्याण आणि कल्याणच्या पुढे त्यांचे मुरबाड!

सह्याद्री कुठे ओलांडायचा, हा खरा पेच होता. सुरुवातीच्या आराखड्यांत माळशेज घाटाचा विचार होता. कल्याणहून माळशेजला जाणारी वाट मुरबाडवरूनच जाते. तो बेत टिकला असता तर नानांच्या गावात दीडशे वर्षांपूर्वीच शिट्टी ऐकू आली असती. पण मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या पाहणीनंतर माळशेज मागे पडला आणि थळ व बोर घाट पक्के झाले. रूळ गावाच्या मायेने वळत नाहीत, चढाच्या मापाने वळतात. १८५४ मध्ये गाडी कल्याणला आली. तिथून ती शहापूरच्या अंगाने निघाली : १८५५ मध्ये वासिंद, १८६० मध्ये आसनगाव, १८६१ मध्ये कसारा. पुढे सदतीस फुटांत एक फूट चढणारा थळ घाट पार करून १ जानेवारी १८६५ रोजी ती इगतपुरीला पोहोचली. मुरबाड बाजूलाच राहिले.

ते १८६५ साल मुंबईला विसरता येणार नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपले, भाव कोसळला आणि शेअरबाजारात घरेच्या घरे बुडाली. त्याच साली एका अमेरिकन कंपनीने मुंबईत घोड्यांची ट्राम चालवण्याचा परवाना मिळवला होता. मंदीत ती ट्रामही बुडाली. आणि ३१ जुलै १८६५ रोजी नाना गेले. आगगाडी घाटावर चढलेली त्यांना कळली, पण शहराच्या पोटात रूळ शिरलेले त्यांना पाहता आले नाहीत.

ट्राम आली ९ मे १८७४ रोजी, घोडे जुंपून. ७ मे १९०७ पासून ती विजेवर धावू लागली. गिरगावातल्या ज्या रस्त्याला पुढे नानांचे नाव मिळाले, त्या भागातूनही ती खडखडत जाई. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम दादरला निघाली, तेव्हा बोरीबंदरच्या गर्दीत वडिलांचे बोट धरून सहा वर्षांचा मीही उभा होतो. माणसे रडत होती. लोखंडी डब्यासाठी का रडायचे, हे मला तेव्हा समजले नाही.

ते मला समजले मुरबाडला. एक शेतकरी दर महिन्याला मुलीच्या नावाने आवर्ती ठेवीत पैसे भरायचा. मुलगी हुशार, कल्याणला कॉलेजात जायची. एके दिवशी तो खाते बंद करायला आला. संध्याकाळची बस चुकली की मुलगी रात्री उशिरा घरी येते, म्हणून घरच्यांनी तिचे शिक्षण थांबवले होते. मी त्याला समजावून पाहिले. त्याने मान खाली घालून अंगठा उठवला आणि पैसे घेऊन गेला. मुलींसाठी स्वतःच्या घरात शाळा भरवणाऱ्या माणसाच्या गावात, दीडशे वर्षांनी, एका मुलीची शाळा सुटली ती केवळ रूळ नव्हते म्हणून.

आज मुंबईच्या भुयारी मेट्रोच्या एका स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव आहे. कल्याण-मुरबाड रेल्वेमार्गालाही मंजुरी मिळाली आहे, गाडी मात्र अजून आलेली नाही. ती येईल तेव्हा फलक लागतील, हारतुरे होतील, नानांच्या तसबिरीला फुले वाहिली जातील. मला त्या दिवशी पाहायची आहे ती दुसऱ्या दिवशीची सकाळची पहिली गाडी आणि तिच्यात दप्तर घेऊन बसलेल्या मुली. नानांची मुद्दल फेडायला आपल्याला उशीर झाला आहे. व्याज तरी त्या मुलींच्या खात्यावर जमा व्हावे.