सुभेदार तानाजी मालुसरे यांची ढाल

पोलादपूर तालुक्यांतील उमरठ गांवीं सुभेदार तानाजी मालुसरे यांची समाधि आहे. त्यांचें धाडस सर्वांस ठाऊक; त्यांच्या शस्त्रविद्येविषयीं मात्र कोणी फारसें बोलत नाहीं.

मावळ्यांच्या हत्यारांत प्रत्येकाचा गुण निराळा. पट्ट्याचें पातें लांब व सरळ, मूठ कोंपराकडे हात झांकणारी. मनगट वळत नाहीं, म्हणून वार खांद्यापासून करावा लागतो. शत्रूनें चोहोंकडून वेढलें असतां तो तारतो, पण त्यास ऐसपैस जागा हवी. विट्यास दोरी असे; फेंकून तो परत ओढतां येई. ढाल-तलवारीचें बळ जवळच्या झुंजींत: एक हात मारतो, दुसरा राखतो.

तानाजींचा स्वभाव १६६१ सालीं संगमेश्वरीं दिसला. सुर्व्यांच्या रात्रीच्या छाप्यांत पिलाजी नीळकंठराव पळूं लागले, तेव्हां त्यांस दोरानें धोंड्याशीं बांधून तानाजी लढत राहिले. मला ही गोष्ट कडा चढण्याहून बोलकी वाटते.

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं कोंढाण्यावर मात्र राखणारा हातच उघडा पडला. (सभासदाच्या बखरींत घोरपड नाहीं बरें, कडा चढणारे मावळे आहेत.) उदेभानाशीं लढतां लढतां ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाहीं. तानाजींनीं डाव्या हातास वस्त्र गुंडाळून त्यावरच वार झेलले. दोघेही पडले. बंधु सूर्याजींनीं पुढें होऊन गड घेतला. सुभेदारांचा देह मढेघाटानें उमरठास आणल्याचें या भागांत अजून सांगतात.