लक्ष्मीबाई टिळक : अभिमानाकडून अनुतापाकडे

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या कवितेचा परिचय करून घेतला. या घटकात त्यांच्या पत्नीचे जीवन पाहावयाचे आहे. ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र अभ्यासताना आपण तिची भाषा, तिचा विनोद, तिची निवेदनशैली यांची चर्चा करतो आणि ती योग्यच आहे. परंतु या विनोदाच्या मुळाशी एका स्त्रीने स्वतःशी केलेला फार अवघड झगडा आहे, इकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

तुमच्यापैकी कोणी वसई परिसरातील असतील, कळंब, निर्मळ, नंदाखाल या गावांचे असतील, तर त्यांना एक भेद चटकन लक्षात येईल. तिकडे ख्रिस्ती धर्म हा शतकानुशतकांचा वारसा आहे. राखेचा बुधवार, उपवासकाळ, प्रायश्चित्त संस्कार हे सारे घरातल्या सणवारांसारखे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला असा वारसा आला नव्हता. त्यांचा पश्चात्ताप कोणत्याही विधीच्या आधाराने झाला नाही. तो स्वयंपाकघरात, पाण्याच्या हंड्यापाशी झाला.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 मध्ये नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, आडनाव गोखले. वडिलांचे सोवळे इतके कडक होते की धान्यच काय, घरात येणारे मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. मीठ धुतल्यावर किती उरत असेल हा प्रश्न आपल्याला हसवतो. त्या घरातील बायकांना आणि मुलांना मात्र त्यात हसण्यासारखे काही नव्हते. अशा घरात वाढणाऱ्या मुलीच्या मनात शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण याची रेघ किती खोल कोरली गेली असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता. ही रेघ तिला अभिमान म्हणून कोणी शिकवली नव्हती, धर्म म्हणून शिकवली होती. म्हणूनच पुढे ती पुसणे इतके कठीण गेले.

1880 मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास, त्यांचा विवाह टिळकांशी झाला. टिळक बुद्धिमान, कविहृदयी, अत्यंत उदार आणि तितकेच शीघ्रकोपी. नोकरी धरावी आणि सोडावी, घर मांडावे आणि अचानक निघून जावे, असा त्यांचा स्वभाव होता. त्यांनीच पत्नीला अक्षरओळख करून दिली. नागपूर, राजनांदगाव अशी भटकंती चालू असताना रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, 10 फेब्रुवारी 1895 रोजी, मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी नवरा बाटला म्हणजे पत्नीची स्थिती काय होत असे, हे नीट समजून घ्या. पती जिवंत, म्हणून ती विधवा नव्हे. पती ‘गेलेला’, म्हणून ती संसारी स्त्रीही नव्हे. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई नातलगांच्या आश्रयाने राहिल्या, काही काळ पंढरपुरास बहिणीकडे. लोकांची कीव आणि लोकांची कुजबुज या दोन्ही गोष्टी त्यांनी सोसल्या. त्या दुःखातच त्यांच्या कवितेचा उगम झाला.

येथे लाज आणि अभिमान यांचे नाते पाहण्यासारखे आहे. ज्या कुळाचा अभिमान, त्याच कुळाच्या नजरेतून उतरल्याची लाज. अभिमान सुटल्याखेरीज लाज सुटत नाही. आणि लाजेने पिचलेल्या माणसाला तर अभिमानाचाच काय तो आधार वाटत असतो. लक्ष्मीबाई काही वर्षांनी अहमदनगरला पतीकडे परतल्या खऱ्या, परंतु परतताना आपले सोवळे बरोबर घेऊनच आल्या. पती ख्रिस्ती आणि पत्नीची चूल वेगळी, असा संसार सुरू झाला. टिळकांनी तिच्यावर सक्ती केली नाही. माझ्या मते त्या तापट माणसाच्या आयुष्यातील हा सर्वांत मोठा संयम होय, आणि त्याचे श्रेय त्यांना पुरेसे दिले जात नाही.

पालट झाला तो राहुरीस, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळाच्या सुमारास. आपण ज्यांच्या सावलीलाही जपतो त्या माणसांत आणि आपल्यात फरक तो कोणता, आणि तो कोणी केला, हा विचार त्यांच्या मनाला लागला. जातीचे भेद देवाने केलेले नाहीत, माणसाने केले आहेत, या निष्कर्षाशी त्या स्वतः पोहोचल्या. यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे असा त्यांनी निश्चय केला आणि त्याप्रमाणे त्या वागू लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 मधला. हा क्रम परीक्षेच्या दृष्टीने नव्हे, पण समजुतीच्या दृष्टीने लक्षात ठेवा: आधी अभिमान गळला, मग श्रद्धा आली.

नव्या करारात पश्चात्तापासाठी जो ग्रीक शब्द येतो त्याचा मूळ अर्थ मन पालटणे असा आहे. रडणे, स्वतःला दूषणे देणे हा त्याचा गाभा नव्हे. आपल्या वारकरी संतांनीही अनुतापाला मोठे स्थान दिले आहे, आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो अशी टिळकांची भावना होती. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत विशेष हा की, ज्या गोष्टीचा त्यांना पश्चात्ताप झाला ती समाजाच्या लेखी पाप नव्हतीच, उलट पुण्य होती. चोरी केलेल्या माणसाला आपली चूक जग दाखवते. आपल्या पावित्र्याचीच खंत वाटणाऱ्याला ती एकट्यालाच पाहावी लागते.

पुढे ज्यांना शिवणेही वर्ज्य होते त्यांच्यासह त्या जेवल्या, परक्यांची मुले त्यांनी घरात वाढवली. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली, तेव्हा निश्चित उत्पन्नाविना संसार चालवण्याचा भारही त्यांच्यावरच आला. 9 मे 1919 रोजी टिळक निवर्तले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य शाळेची पायरी न चढलेल्या या पत्नीने पूर्णत्वास नेले.

‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 मध्ये प्रसिद्ध झाला. 24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले आणि अखेरचा भाग त्यानंतर निघाला. या ग्रंथात त्या आपले सोवळे, आपला हट्ट, आपले अज्ञान काहीही झाकत नाहीत. आणि वडिलांची किंवा पतीची थट्टा करताना स्वतःला वगळतही नाहीत. ज्याला लाज वाटते आहे तो असे लिहू शकत नाही, आणि ज्याला अभिमान आहे तोही नाही. ग्रंथ हाती घ्याल तेव्हा जलालपूरच्या घराचे प्रकरण आणि राहुरीचे प्रकरण लागोपाठ वाचा, व दोन्हींत पाणी कोठे कोठे येते ते पेन्सिलीने खूण करून ठेवा.