सुलोचना : मूकपटाची सम्राज्ञी, बोलपटाची विद्यार्थिनी

गेल्या वर्षी नागपुरात निवेदिकेच्या एका चाचणीला मी गेले होते. मजकूर पाठ होता, आवाजही बरा लागला होता. पण जीभ पडली भंडाऱ्याकडची! 'पाणी'चे 'पानी' झाले आणि समोरच्या परीक्षकांच्या ओठांवर हसू उमटले. माझी चाचणी तिथेच संपली. व्यासपीठ आपल्यासाठी नाहीच, अशी मनाची समजूत घालून मी वसतिगृहावर परतले. त्याच दिवसांत चित्रपटांवरचे एक जुने पुस्तक चाळताना मला सुलोचना भेटली.

सुलोचना म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ती मराठी पडद्यावरची सोज्वळ आई, सुलोचना लाटकर. ही सुलोचना त्यांच्याही आधीची. हिचे खरे नाव रूबी मायर्स. जन्म १९०७ साली पुण्यात, बगदादी ज्यू घराण्यात. पोटासाठी ती टेलिफोन ऑपरेटर झाली. म्हणजे तिथे सारे काम आवाजाचेच. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला चित्रपटात बोलावले तेव्हा ती प्रथम तयार नव्हती. अखेर ती आली आणि मूकपटाच्या पडद्यावर बघता बघता सम्राज्ञी झाली. 'टायपिस्ट गर्ल' १९२६ साली आला. १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'त तर तिने एकटीने आठ भूमिका केल्या. इंपीरियल कंपनीत तिची आणि डी. बिलिमोरियांची जोडी गाजली. तिचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षाही मोठा असल्याची वदंता लोकांत होती.

आणि १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात 'आलम आरा' झळकला. हिंदुस्थानचा हा पहिला बोलपट अर्देशीर इराणींनी काढला, तोही सुलोचनेच्याच इंपीरियल कंपनीत. पण नायिका झाली झुबेदा. चेहरा तोच होता, अभिनय तोच होता. पण हिंदुस्थानी भाषा तिच्या जिभेवर रुळलेली नव्हती. ज्या अनारकलीला १९२८ मध्ये लोकांनी डोक्यावर घेतले, तिने आता परक्या वळणाने बोललेले कोणाला रुचणार?

दुसरी एखादी असती तर मानाने घरी बसली असती. सुलोचनेने मात्र वर्षभर काम थांबवले आणि ती हिंदुस्थानी शिकली. कीर्तीच्या शिखरावर असलेल्या नटीने पुन्हा बाराखडीपाशी बसायचे, याला केवढे धैर्य लागत असेल! १९३२ साली आपल्याच 'माधुरी' या मूकपटाच्या बोलत्या आवृत्तीतून ती परतली. १९३४ मध्ये 'इंदिरा एम. ए.' आला आणि १९३५ मध्ये तिची अनारकली पडद्यावर बोलली.

त्याच १९३५ साली 'हंटरवाली' आला. त्यातील नादिया ऑस्ट्रेलियात जन्मलेली. तिची हिंदी शेवटपर्यंत परकीच वाटे, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे कसे? मला वाटते, चाबूक चालवणाऱ्या नायिकेकडून लोकांना साहस हवे होते, तर अनारकलीकडून दरबारी भाषा. म्हणजे परका उच्चार नेहमीच खटकतो असे नाही. कोणाच्या तोंडी तो शोभतो, हे ऐकणारा आधीच ठरवून बसलेला असतो.

पुढे नवी पिढी आली आणि सुलोचनेच्या वाट्याला दुय्यम भूमिका आल्या. १९५३ च्या 'अनारकली'त ती सलीमची आई झाली. १९७३ साठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. १० ऑक्टोबर १९८३ रोजी मुंबईत तिचे निधन झाले.

मित्रमैत्रिणींनो आणि गुरुजनहो, प्रमाण उच्चार शिकूच नयेत असे माझे म्हणणे नाही. सुलोचना शिकली, मीही शिकते आहे. पण शिकायला अवधी द्यावा लागतो, आणि तो हसणाऱ्याने दिलेला नसतो. आपल्या वर्गात गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडची मुले शेवटच्या बाकावर गप्प का बसतात, हे एकदा त्यांना विचारून पाहावे.

यंदाच्या चाचणीचा अर्ज मी भरला आहे. रोज सकाळी 'ण' घोटते. सुट्टीत घरी गेले की आईजवळ मात्र पानीच मागते.