सेवाव्रती रमाबाई रानडे

श्रीगोंदा हे आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील एक जुने गाव. संत शेख महंमद यांच्या वास्तव्याने ते पावन झाले आहे. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी, इ. स. १८७५ च्या उन्हाळ्यात, या तालुक्यातील शेतकरी फार मोठ्या संकटात सापडले होते. काही वर्षे तेजीत असलेले कापसाचे भाव एकाएकी कोसळले होते, सरकारी सारा वाढला होता आणि सावकाराच्या कर्जाचा डोंगर दिवसेंदिवस उंच होत चालला होता. मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला आणि पाहता पाहता त्याचे लोण श्रीगोंदे, पारनेर, कर्जत या भागांत पोहोचले. शेतकऱ्यांनी माणसांच्या जिवाला सहसा धक्का लावला नाही. त्यांचा सारा राग कागदांवर होता. सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून घेऊन ते त्यांनी चव्हाट्यावर जाळले.

त्या कागदांवर शेतकऱ्यांनीच पूर्वी आपली निशाणी केली होती. परंतु वर काय लिहिले आहे, हे त्यांतील बहुतेकांना वाचता येत नव्हते. अक्षरशत्रू असल्यामुळे माणूस किती पराधीन होतो, याचे याहून दुःखद उदाहरण क्वचितच सापडेल.

या दंग्यानंतर सरकारने इ. स. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी एक कायदा केला. न्यायाधीशाने केवळ कर्जरोख्यावर विसंबून न राहता कर्जाचा मूळ इतिहास तपासावा, असे या कायद्याने ठरविले. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. त्याची अंमलबजावणी नीट होते की नाही, हे पाहण्याचे काम पुढे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे आले. त्यासाठी त्यांना गावोगाव फिरावे लागे. या फिरतीत त्यांच्यासमवेत त्यांच्या पत्नी रमाबाई असत. न्यायमूर्ती कचेऱ्यांतील कागद तपाशीत, तर रमाबाई त्या त्या गावच्या मुलींच्या शाळा पाहत आणि स्त्रियांना एकत्र जमवून त्यांच्याशी बोलत. न वाचता येण्याचे दुःख रमाबाईंना परके नव्हते. त्यांनी स्वतः ते अनुभवले होते.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घराण्यात झाला. माहेरी त्यांचे नाव यमुना होते. त्या काळी मुलींना शिकविणे अशुभ मानीत. त्यामुळे त्यांना अक्षराचीही ओळख झाली नाही. इ. स. १८७३ मध्ये, अवघ्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह झाला. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते. ते स्वतः विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे त्यांना नमावे लागले आणि त्याबद्दल त्यांना लोकनिंदाही सोसावी लागली. विवाह होताच त्यांनी पत्नीच्या शिक्षणास आरंभ केला. दिवसभराची कामे आटोपल्यावर रात्री पाटी पुढे येई. मुळाक्षरांपासून सुरू झालेला तो अभ्यास मराठी ग्रंथांपर्यंत आणि पुढे इंग्रजीपर्यंत पोहोचला.

परंतु ही वाट काट्यांची होती. रानड्यांचे कुटुंब मोठे आणि जुन्या वळणाचे होते. सुनेने पुस्तक हाती घ्यावे, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना मुळीच पसंत नव्हते. रमाबाईंना टोमणे ऐकावे लागत, कधी त्यांच्याशी अबोला धरला जाई. इंग्रजी शिकविण्यास मिस हरफर्ड नावाच्या बाई घरी येऊ लागल्या, तेव्हा सोवळ्याओवळ्याचा नवाच प्रश्न उभा राहिला. रमाबाईंनी कोणालाही उलट उत्तर दिले नाही. परंतु अभ्यासही सोडला नाही. उत्तर न देणे आणि वाट न सोडणे, या दोन गोष्टी त्यांनी पतीपासून शिकून घेतल्या होत्या.

इ. स. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या. त्यांची विद्वत्ता थोर होती आणि स्त्रियांच्या उन्नतीची त्यांना तळमळ होती. त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. समाजाची सभा दर शनिवारी भरे. तेथे स्त्रिया एकत्र बसत, वाचन करीत आणि आपले विचार मांडीत. आज यात कोणाला काही विशेष वाटणार नाही. परंतु त्या काळी घरंदाज स्त्रीने सभेसाठी उंबरठा ओलांडणे हे मोठे धाडस होते. शनिवारी रमाबाई सभेला निघाल्या की घरात कुजबुज सुरू होई. परत आल्या की बोलणी वाट पाहत असत. एखाद्या दिवशी धैर्य दाखविणे त्या मानाने सोपे असते. दर आठवड्याला, त्याच वारी, तीच बोलणी सोसून पुन्हा निघणे कठीण असते. रमाबाईंनी ते कठीण काम केले. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल निघावे, या मागणीसाठी हिराबागेत भरलेल्या सभेत त्यांनी गव्हर्नरांसमोर इंग्रजीत भाषण वाचले. ज्या मुलीला अकराव्या वर्षी मुळाक्षरे ठाऊक नव्हती, तिनेच आता इतर मुलींसाठी शाळा मागितली. इ. स. १८८४ मध्ये ती शाळा सुरू झाली. हुजूरपागा या नावाने ती आजही प्रसिद्ध आहे.

इ. स. १८९३ मध्ये रानडे मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि हे दांपत्य मुंबईस राहावयास गेले. तेथे रमाबाईंनी हिंदू स्त्रियांचा एक सामाजिक क्लब काढला. स्त्रियांना सभेत बोलता यावे, शिवणटिपण यावे, यासाठी त्यांनी वर्ग चालविले. क्लब म्हटला म्हणजे केवळ मनोरंजनाची जागा, असा पुष्कळांचा समज असतो. या क्लबात मात्र स्त्रिया काहीतरी शिकण्यासाठी येत, आणि शिकलेले दुसऱ्याच्या उपयोगी पाडावे, अशी दृष्टी त्यांना तेथे मिळे.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. रमाबाईंवर आकाश कोसळले. त्या पुण्यास परतल्या आणि वर्षाहून अधिक काळ घराबाहेर पडल्या नाहीत. तत्कालीन रूढीप्रमाणे विधवेचे आयुष्य घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यातच सरावयाचे असे. रमाबाईंनीही तेथेच दिवस काढले असते, तर कोणी त्यांना नाव ठेवले नसते. परंतु त्या पुन्हा बाहेर आल्या.

बाहेर पडून त्या प्रथम गेल्या, त्या दुःखितांकडे. कारागृहातील स्त्री-कैद्यांना त्या नेमाने भेटू लागल्या. ज्यांच्याकडे सगळ्यांनी पाठ फिरविली होती, त्या बायकांशी त्या आपुलकीने बोलत आणि त्यांच्या ठिकाणी आत्मसन्मान जागा करण्याचा प्रयत्न करीत. सुधारगृहातील मुलांकडे सणासुदीला त्या मिठाई घेऊन जात. रुग्णालयांतील रोग्यांसाठी फळे, फुले व पुस्तके नेत. पतिनिधनाने आलेले एकाकीपण त्यांनी अशा रीतीने अनेकांच्या एकाकीपणात मिसळून टाकले.

इ. स. १९०४ मध्ये मुंबईस भारत महिला परिषद भरली. तिचे अध्यक्षपद रमाबाईंनी भूषविले. इ. स. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले आणि त्याची धुरा रमाबाईंकडे दिली. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९०९ रोजी, पुण्यात रमाबाईंच्या राहत्या वाड्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांचे त्यांना मोठे साहाय्य लाभले. प्रौढ स्त्रिया आणि तरुण विधवा तेथे शिकावयास येऊ लागल्या. कोणी लेखन-वाचन शिके, कोणी शिवण शिके, तर कोणी शिक्षिका होण्याची तयारी करी.

सर्वांत अवघड काम होते परिचारिका तयार करण्याचे. परक्या रोग्याची शुश्रूषा करणे, त्याला स्पर्श करणे, रात्री रुग्णालयात राहणे या गोष्टी उच्चवर्णीय घरांत निषिद्ध मानल्या जात. रमाबाईंनी घरोघरच्या वडीलधाऱ्यांची समजूत घातली आणि विद्यार्थिनींसाठी वसतिगृहाची सोय केली. सेवासदनाने एक तरुण विधवा ससून रुग्णालयात शिक्षणासाठी पाठविली. तिच्यामागून इतर जणी गेल्या. ज्यांना समाजाने अपशकुनी ठरविले होते, त्यांच्याच हातांनी आता रोग्यांना औषध मिळू लागले.

सेवासदनाची सेवा भिंतींच्या आत कोंडून राहिली नाही. इ. स. १९१३ मध्ये गुजरात व काठेवाड भागात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाईंनी तेथे जाऊन मदतीची व्यवस्था केली. आषाढी-कार्तिकीच्या वेळी आळंदीस जमणाऱ्या स्त्री-यात्रेकरूंच्या मदतीसाठी त्या सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन जात. पुण्याबाहेर सोलापूरसारख्या ठिकाणीही सेवासदनाचे कार्य पसरले.

वयाची साठी जवळ आली, तरी त्यांचा लढा थांबला नाही. पुणे नगरपालिकेने सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा विचार सुरू केला, तेव्हा सक्ती मुलांपुरतीच असावी, असे काहींचे म्हणणे होते. रमाबाईंनी स्त्रियांना संघटित करून मुलींसाठीही तीच मागणी लावून धरली. मुंबई इलाख्यातील स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा, या चळवळीतही त्या पुढे होत्या.

इ. स. १९१० मध्ये रमाबाईंनी आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. मराठीतील उत्तम आत्मकथनांत त्याची गणना होते. एप्रिल १९२४ मध्ये पुण्यात त्यांचा देहान्त झाला. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९६२ मध्ये, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. पुण्यातील सेवासदन संस्था आजही शिक्षणाचे कार्य करीत आहे.

आज श्रीगोंद्यासारख्या तालुक्यांतील खेड्यापाड्यांतून बचतगटांच्या स्त्रिया ठरल्या दिवशी एकत्र बसतात. पैशांचा हिशेब होतो, वहीत नोंद होते आणि प्रत्येक जण आपल्या नावापुढे स्वतःची सही करते. एके काळी याच मुलखात न वाचलेल्या कागदांवर निशाण्या उमटत होत्या. त्या निशाणीपासून या सहीपर्यंतचा मार्ग ज्यांनी आपल्या कष्टांनी बांधला, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव आदराने घ्यावे लागते. शनिवार आला की निंदेची पर्वा न करता सभेस निघणाऱ्या त्या तरुण सुनेची पावले या मार्गावर आरंभीच उमटलेली आहेत.