मोजून पाहणारी लीटा

चार दिवस बाजूला बसायची पद्धत आता बऱ्याच घरांतून गेली. पण त्या दिवसांत बाईच्या हातून काम धड होत नाही, तिचं डोकं ठिकाणावर नसतं, हा समज मात्र घट्ट आहे. आपल्याकडेच कशाला, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत मोठमोठे डॉक्टर हे पुस्तकांत लिहीत होते. बोस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ मध्ये मुलींच्या शिक्षणावर एक पुस्तक काढलं. मुलग्यांसारखा अभ्यास केला तर मुलींची प्रकृती ढासळते, आई होण्याची शक्ती कमी होते, पाळीच्या दिवसांत तर त्यांच्या डोक्याला विश्रांतीच द्यावी, असं त्याचं सार. पुस्तक भरपूर खपलं. पण हे खरं का, हे कुणी नीट मोजून पाहिलं होतं? ते पाहिलं लीटा हॉलिंगवर्थ या बाईने, आणि तेही आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधासाठी!

लीटाचा जन्म २५ मे १८८६ चा. नेब्रास्का राज्यात चॅड्रन गावाजवळ, नव्याने वस्ती होत असलेल्या उघड्या माळरानावर. आईने पहिल्या वर्षभर एका वहीत लेकीच्या वाढीच्या नोंदी ठेवल्या, त्याही जणू ती तान्ही पोरच लिहिते आहे अशा. तिसऱ्या मुलीच्या बाळंतपणात आई गेली, तेव्हा लीटा जेमतेम तीन वर्षांची होती. पुढे आजी-आजोबांनी सांभाळलं. बारा-तेरा वर्षांची झाल्यावर वडिलांकडे, सावत्र आईच्या घरी जावं लागलं. तिथले दिवस सुखाचे नव्हते. सुटका एकच, अभ्यास. सोळाव्या वर्षी ती लिंकनच्या नेब्रास्का विद्यापीठात दाखल झाली आणि १९०६ मध्ये पदवी घेऊन शिक्षिका झाली.

कॉलेजातच हॅरी हॉलिंगवर्थशी ओळख झाली होती. तो मानसशास्त्रात पीएच.डी. करायला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. १९०८ च्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, न्यूयॉर्कमध्ये दोघांचं लग्न झालं. आता आपण शहरात नोकरी करू, संसाराला हातभार लावू, असं लीटाच्या मनात होतं. पण लग्न झालेल्या बाईला तिथल्या शाळा नेमणूकच देत नसत. दोन वर्षं शिकवलेली, पदवीधर बाई; केवळ नवरा आहे म्हणून नालायक ठरली! मग काय, स्वयंपाक, धुणं, शिवण. फावल्या वेळात कथा लिहिल्या, त्या कुणी छापेनात. पुढे शिकावं तर पैसा नाही. शिकलेली असून घरात बसावं लागतं तेव्हा मनात काय होतं, ते आपल्यातल्या कित्येकींना वेगळं सांगायला नको.

दार उघडलं ते भलत्याच बाजूने. कोकाकोलात कॅफीन असतं, ते अपायकारक आहे, म्हणून अमेरिकी सरकारने कंपनीवर खटला भरला होता. कॅफीनचा माणसाच्या बुद्धीवर आणि हातांच्या कामावर काय परिणाम होतो हे सांगणारा अभ्यास कंपनीला हवा होता. १९११ मध्ये हॅरीने ते काम घेतलं, आणि सोळा जणांच्या रोजच्या चाचण्या उरकून घ्यायची व्यवस्था लीटाने सांभाळली. प्रयोग कसा लावायचा, नोंदी कशा ठेवायच्या, हे तिथे अंगवळणी पडलं. आणि त्या मोबदल्यातून तिच्या शिक्षणाची सोय झाली. (कोकाकोलाने केलेलं हे एक काम मात्र मानायला हवं.)

१९१३ मध्ये एम.ए. झाली आणि त्याच सुमारास एक तात्पुरती नोकरी मिळाली. त्या काळी ज्यांना मतिमंद म्हणत, अशा लोकांची बुद्धी तपासून त्यांना कुठे ठेवायचं हे ठरवणारी शहराची एक संस्था होती. लीटा तिथे चाचण्या घेऊ लागली. १९१४ मध्ये ती जागा स्पर्धा परीक्षेने भरायचं ठरलं, तेव्हा ती पहिली आली. क्लिनिकल सायकॉलॉजी, म्हणजे समोरच्या माणसाला तपासून त्याच्या मनाची अडचण शोधणारं मानसशास्त्र, तेव्हा नुकतं कुठे उभं राहत होतं.

इथे तिला एक गोष्ट दिसली. मतिमंदांमध्ये पुरुष जास्त आणि थोर बुद्धिमंतांतही पुरुषच जास्त, म्हणजे निसर्गाने चढउतार पुरुषांना दिले आणि बायकांना सरसकट मध्यम बुद्धी दिली, असं तेव्हा विद्वान मानत. लीटाने संस्थेतल्या एक हजार जणांच्या नोंदी वयानुसार लावल्या. लहान वयात मुलगे जास्त, पण वय वाढेल तसं बायकांचं प्रमाण वाढत होतं. असं का? मुलाला शाळेत, कामधंद्यात टिकावं लागतं, तो लवकर मागे पडतो, लवकर पकडला जातो. मुलगी मंद असली तरी घरात भांडी घासते, पोरं सांभाळते. तिच्या बुद्धीची कुणी विचारपूसच करत नाही! आधार सुटला की मगच ती संस्थेच्या दारात येते. हे आकडे बघायला घरकामाची किंमत कळलेली बाईच लागली, असं मला वाटतं. पुढे एका सहकारी बाईबरोबर तिने एक हजार मुलगे आणि एक हजार मुली अशा नवजात बाळांची मापंही तपासली. मुलगे जरा मोठे निघाले, पण चढउतार त्यांच्यातच जास्त, असं काही दिसलं नाही.

गंमत अशी, की पीएच.डी.चे तिचे मार्गदर्शक एडवर्ड थॉर्नडाइक हे स्वतःच पुरुषांतल्या चढउतारांचा सिद्धांत मानणारे. त्यांच्याच हाताखाली तिने पाळीचा विषय घेतला. ज्या गोष्टीचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, तिच्यावर प्रबंध!

तिने २३ स्त्रिया घेतल्या आणि दोन पुरुष. पुरुष कशाला? कारण रोजचं कमीजास्त सगळ्यांचंच होतं, झोप झाली नाही तरी होतं. ते पाळीमुळे आहे की नुसतं माणसाचं आहे, हे पुरुषांशी ताडून पाहिल्याशिवाय कसं कळणार? बोटाने भरभर टकटक करणं, हात स्थिर धरणं, रंगांची नावं सांगणं, विरुद्ध अर्थाचे शब्द सांगणं, टायपिंग शिकणं, अशा चाचण्या. काहींच्या रोज, अनेक आठवडे. पाळीच्या दिवसांत काम घसरल्याचा पुरावा सापडला नाही. दुखत नाही, त्रास होत नाही, असं ती म्हणत नव्हती. बुद्धी आणि हात चालतात, एवढंच. तेवीस हा आकडा फार मोठा नव्हे, हेही खरं. पण तोवर नुसती मतं होती. प्रबंध १९१४ मध्ये छापला गेला आणि १९१६ मध्ये लीटा डॉक्टर झाली.

त्याच वर्षी थॉर्नडाइक यांनीच तिला कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजमध्ये बोलावलं. ती शेवटपर्यंत तिथे शिकवत राहिली. १९१७ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांची पहिली अमेरिकी संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत लीटा होती. पुढचं बरंचसं आयुष्य तिने अतिशय हुशार मुलांना दिलं. अशा मुलांचं आपोआप बरं चालतं, हे तिला मान्य नव्हतं. ती वर्गात कंटाळतात, एकटी पडतात, हे तिने वर्षानुवर्षं बघितलं होतं. १९३६ मध्ये सुरू झालेल्या स्पायर शाळेत तिने हुशार आणि मागे पडणारी, दोन्ही प्रकारची मुलं घेतली. एक गोष्ट मात्र तिच्या बाजूने बोलत नाही. बुद्धी बहुतांशी आनुवंशिक असते, म्हणून कुणाला मुलं व्हावीत हे ठरवावं, या तेव्हाच्या विचाराकडे तीही झुकली होती. बायकांविषयीचे समज तपासून घेणाऱ्या लीटाने हा समज तेवढा तपासला नाही.

तिला स्वतःला मूल नव्हतं. पोटात गाठी आहेत हे कळल्यावरही तिने अनेक वर्षं कुणाला सांगितलं नाही, हॅरीलाही नाही. शिकवणं, शाळा, मुलांच्या भेटी, सारं चालू ठेवलं. १९३८ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाने नवरा-बायको दोघांना मानद डॉक्टरेट दिली. पुढच्याच वर्षी, २७ नोव्हेंबर १९३९ ला, कॅन्सरने ती गेली. वय त्रेपन्न. अतिबुद्धिमान बारा मुलांवरचं तिचं पुस्तक अर्धवट राहिलं होतं. ते हॅरीने पुरं केलं आणि १९४२ मध्ये छापून घेतलं, तिच्याच नावाने.